आधी पगार, मग पेव्हर ब्लॉक : नव्या नगरसेवकांसाठी अंदाजपत्रक जुळवण्याची रीत

डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातल्या २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या. त्यातल्या कितीतरी ठिकाणी वर्षानुवर्षं प्रशासक होते. त्यामुळे आज सभागृहात बसलेल्या अनेक सदस्यांनी अंदाजपत्रकाचं पुस्तक याआधी कधी हातातसुद्धा घेतलेलं नाही. माझी उमेद नगरपालिकेच्या लेखा विभागात गेली. निवृत्तीनंतर नवे सदस्य घरी येतात आणि पुस्तक समोर ठेवून विचारतात, "काका, यात नेमकं बघायचं काय?" त्यांना जे सांगतो तेच इथे पायरीपायरीने लिहितो आहे.

वेळापत्रक आधी लक्षात ठेवा. नगरपरिषदेचं अंदाजपत्रक फेब्रुवारीअखेर विशेष सभेपुढे यावं लागतं. महानगरपालिकेत करांचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे आणि अंदाजपत्रक ३१ मार्चच्या आत मंजूर करायचं, असा कायदा आहे. पुस्तक बहुतेक वेळा सभेच्या तोंडावरच हातात पडतं, म्हणून अभ्यास पुस्तक येण्याआधीच झालेला हवा. डिसेंबर-जानेवारीत सुरुवात करा. हा लेख वाचेपर्यंत तारीख उलटून गेली असेल तरी हरकत नाही. पुस्तक मंजूर झाल्यावरही वर्षभर यातलं बरंच करता येतं.

पायरी १ : पुस्तकाआधी तीन कागद मागा

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर "अखेरची शिल्लक" असते. सगळे आधी तिथेच बघतात आणि शिलकीचं अंदाजपत्रक म्हणून समाधान मानतात. ती शिल्लक कशी तयार झाली, हे त्या पानावर कधीच कळत नाही. म्हणून मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करून तीन कागद घ्या.

पहिला, कर विभागाचा मागणी-वसुली-बाकी तक्ता, तोही मागच्या तीन वर्षांचा. दुसरा, नुकतंच झालेलं एका महिन्याचं पगारपत्रक आणि त्यासोबत मंजूर आकृतिबंध. मंजूर पदं किती, भरलेली किती, रिक्त किती आणि कंत्राटी माणसं किती, हे त्यातून कळतं. तिसरा, सगळ्या बँक खात्यांची शिल्लक आणि देणी असलेल्या बिलांची यादी. हा तिसरा कागद मिळायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. देणी एकाच टेबलावर नसतात. बांधकामाची बिलं एकीकडे असतात, पाणीपुरवठ्याची दुसरीकडे, विजेची तिसरीकडे. पुन्हा मागा, पण मागताना आवाज चढवू नका. लेखापालाशी भांडून बसलेल्या सदस्याला पाच वर्षं आकडे उशिरा मिळतात.

पायरी २ : जमेतला आपला पैसा कोणता, ते वेगळं काढा

घरपट्टीचं एखादं बिल समोर घ्या. त्यात घरपट्टीबरोबर शिक्षण कर, रोजगार हमी कर, वृक्ष कर अशा ओळी दिसतील. शासनाचा शिक्षण कर आणि रोजगार हमी कर पालिका फक्त गोळा करते. ते पैसे शासनाच्या तिजोरीत भरायचे असतात. नागरिकाला वाटतं त्याने पालिकेला आठ हजार दिले, पण पालिकेच्या हाती त्याहून कमी उरतात.

अनुदानांचंही तसंच आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात लहान-मध्यम शहरांना मिळणाऱ्या निधीपैकी ६० टक्के बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच वापरायचा. उरलेला ४० टक्के अबंधित असला तरी त्यातून पगार आणि आस्थापनेचा खर्च करायला मनाई होती. नव्या सदस्यांच्या हे लक्षात येत नाही आणि ते म्हणतात, "आयोगाचे दोन कोटी पडून आहेत, मग सफाई कामगारांचा पगार का रखडला?" तो पैसा पगाराला लावता येत नाही, हे त्याचं उत्तर आहे. पुढच्या प्रत्येक निधीचा शासन निर्णय मागवा आणि "कशावर खर्च करता येणार नाही" हा परिच्छेद आधी वाचा.

नगरोत्थान, दलित वस्ती सुधारणा, अमृत या योजनांचा पैसा ज्याचा त्याच कामाला. ठेकेदारांच्या अनामत रकमा आणि सुरक्षा ठेवी तर आपल्या नाहीतच, त्या परत द्यायच्या आहेत. या सगळ्या रकमा बँकेतल्या शिलकेतून वजा केल्या की सुरुवातीची शिल्लक बहुतेक ठिकाणी झपाट्याने खाली येते. ही वजाबाकी पेन्सिलने स्वतः करा. उरतो तो मोकळा पैसा : स्वतःचे कर, पाणीपट्टी, गाळेभाडं, बाजार फी, परवाने, विकास शुल्क, मुद्रांक शुल्काचा वाटा. शासनाचं सहायक अनुदानही यातच धरा, कारण नगरपरिषदांत पगाराचा मोठा भार तेच उचलतं. १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात बंद झाली, तेव्हापासून आपली मान या अनुदानात अडकली आहे. ते महिनाभर लांबलं की पगारही लांबतो.

पायरी ३ : वसुलीचा आकडा मागणीवरून नाही, पावत्यांवरून धरा

अंदाजपत्रक बिघडतं ते नेमकं इथे. समजा घरपट्टीची चालू मागणी ३ कोटी आणि थकबाकी २ कोटी ४० लाख आहे. एकूण मागणी झाली ५ कोटी ४० लाख. मागच्या तीन वर्षांत प्रत्यक्ष जमा झाले २ कोटी ५५, २ कोटी ६२ आणि २ कोटी ७० लाख. पुस्तकात मात्र पुढच्या वर्षाला ४ कोटी २० लाख लिहिलेले सापडतील. विचारलं तर उत्तर येतं, "यंदा विशेष वसुली मोहीम राबवणार आहोत." मोहीम जरूर राबवावी. पण मोहिमेच्या भरवशावर रस्त्याचं काम आधीच देऊन बसू नये.

थकबाकी कशाची बनलेली आहे, ते एकदा वसुली लिपिकाच्या शेजारी बसून बघा. वॉर्डाचं रजिस्टर उघडलं की बंद पडलेली गिरणी दिसते, तिचा मालक कोण हे कोर्ट ठरवणार आहे. एकाच घराची दोन नावांनी झालेली दुहेरी नोंद दिसते. भावाभावांच्या वाटणीत अडकलेला वाडा दिसतो. सरकारी कार्यालयं दिसतात, त्यांच्याकडे फक्त पत्रव्यवहार चालू असतो. या थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढते, म्हणजे वर्षाला २४ टक्के. त्यामुळे कधीच न येणारी रक्कम कागदावर दरवर्षी फुगत जाते आणि पुस्तकात ती जमा म्हणून उतरते.

माझी पद्धत साधी होती. तीन वर्षांच्या प्रत्यक्ष वसुलीची सरासरी काढायची, दरवर्षीची वाढ बघायची आणि त्याच चालीने पुढचा आकडा धरायचा. वरच्या उदाहरणात तो २ कोटी ७५ लाखांच्या आसपास येतो. त्यापेक्षा जास्त जमा झाले तर डिसेंबरनंतर सुधारित अंदाजात (वर्षाच्या मध्ये दुरुस्त केलेल्या अंदाजपत्रकात) घेता येतात, त्याला कोणाचीच हरकत नसते. पाणीपट्टीलाही हीच रीत लावा.

पायरी ४ : माणसांचा खर्च पूर्ण बारा महिन्यांचा मांडा

इथे थोडं थांबतो, कारण या पायरीची चूक माणसांच्या चुलीपर्यंत जाते.

एका वर्षी दिवाळीला आठ दिवस राहिले असताना सकाळी कार्यालयाच्या फाटकाशी सफाई कामगार खराटे खाली ठेवून बसले होते. बहुतेक बाया. तीन महिन्यांचा पगार नव्हता. ठेकेदार म्हणत होता पालिकेने बिल दिलं नाही. पालिकेत त्या लेखाशीर्षावर, म्हणजे खर्चाच्या त्या खात्यावर, तरतूदच शिल्लक नव्हती. पुस्तक उलटून पाहिलं तेव्हा कळलं की फेब्रुवारीत जमाखर्च जुळवताना सफाईच्या ठेक्याची तरतूद आठ महिन्यांचीच ठेवली होती, "पुढे सुधारित अंदाजात वाढवू" म्हणून. त्या आकड्यांवर माझीही सही होती. त्यातली एक बाई मला म्हणाली, "साहेब, पोरीला फ्रॉक घ्यायचा होता, आता राहिलं." त्यानंतर मी नोकरीत असेपर्यंत वेतनाची कोणतीही तरतूद बारा महिन्यांपेक्षा कमी लिहू दिली नाही.

कायम कर्मचाऱ्यांचा हिशेब करताना आजच्या पगारपत्रकाला बाराने गुणून थांबू नका. महागाई भत्ता वर्षातून दोनदा वाढतो, जानेवारीपासून आणि जुलैपासून. जुलैत वेतनवाढ असते. पुढच्या वर्षी निवृत्त होणाऱ्यांची नावनिशीवार यादी मागा. प्रत्येकाचं उपदान (ग्रॅच्युइटी) आणि रजा रोखीकरण एकदम द्यावं लागतं. पाच जण एकाच वर्षी निवृत्त झाले तर त्या एका ओळीने अंदाजपत्रक कलंडतं. सफाई कामगारांच्या जागी लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे वारसाला नेमणूक द्यायची असते, म्हणून ती जागा "बचत" म्हणून धरता येत नाही.

कंत्राटी माणसांचं गणित आणखी काळजीने करा. समजा ४० सफाई कामगार आहेत आणि प्रत्येकी वेतन १८ हजार आहे. महिन्याला ७ लाख २० हजार, वर्षाला ८६ लाख ४० हजार. पुष्कळ ठिकाणी इथेच रेघ ओढतात. पण पूर्ण वेतनावर भविष्य निर्वाह निधीचा मालकाचा भाग प्रशासकीय खर्चासह सुमारे १३ टक्के आणि ईएसआयचे (कामगार विमा योजनेचे) सव्वातीन टक्के धरले तर आणखी १४ लाख येतात. बेरीज एक कोटीच्या वर गेली. अजून बोनस, हातमोजे, गमबूट, रेनकोट आणि ठेकेदाराचा मोबदला धरलेलाच नाही. शिवाय किमान वेतनाचा विशेष भत्ता वर्षातून दोनदा बदलतो. ही रक्कम कमी लिहिली तर ठेकेदार कामगाराच्या भविष्य निर्वाह निधीचा भरणा चुकवतो आणि ते कामगाराला कळेपर्यंत वर्षं निघून जातात. म्हणून प्रत्येक बिलासोबत भरण्याचं चलन आणि कामगारांच्या नावांची यादी जोडलेली आहे का, हे सदस्य म्हणून तपासायला लागा.

आता रिक्त पदं. सगळी एकदम भरता येत नाहीत. आकृतिबंध, बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांचा क्रम) आणि शासनाची मान्यता हे टप्पे आहेतच. महानगरपालिकांना तर आस्थापना खर्च ३५ टक्क्यांच्या आत ठेवण्याची अट आहे. मग आधी कोणाला घ्यायचं? माझं मत ठाम आहे. ज्यांच्या नसण्याने जीव जाऊ शकतो ते पहिले : अग्निशमनचे कर्मचारी, पाण्यात क्लोरिन सोडणारा आणि पंप चालवणारा, मैला उपसण्याच्या यंत्रावरची माणसं. सुरक्षा साधनांशिवाय गटारात माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने बंद आहे, पण यंत्र आणि त्याचा चालक नसेल तर कोणीतरी गुपचूप उतरवला जातो. त्यानंतर ज्यांच्यामुळे जमा वाढते ते : कर निरीक्षक, वसुली लिपिक, नळजोडण्या तपासणारा. कार्यालयातली टेबलं सर्वात शेवटी.

वसुली लिपिकाची जागा रिकामी ठेवून पैसे वाचवले असं वाटतं. पण चार हजार मालमत्तांमागे एकच माणूस असेल तर तो फेब्रुवारी-मार्चमध्ये मोठ्या थकबाकीदारांच्या दारात जाऊन येतो आणि बाकीच्यांना बिलसुद्धा वेळेवर पोचत नाही. वाचवलेल्या पगाराच्या कितीतरी पट घरपट्टी तिथेच बुडते.

आणखी एक खाचखळगा. ऑक्टोबरपासून नेमणूक करणार असाल तर यंदा सहा महिन्यांचा खर्च येईल, पुढच्या वर्षी बारा महिन्यांचा. पुस्तकात पुढच्या वर्षाचा रकाना नसतो, म्हणून तो आकडा स्वतः बाजूला लिहून ठेवा.

पायरी ५ : न टळणारे खर्च

पंप आणि पथदिव्यांची वीज, धरणाच्या पाण्याचं देणं, तुरटी आणि टीसीएल (ब्लीचिंग पावडर), डिझेल, न्यायालयाने ठरवलेली देणी, मागच्या वर्षी झालेल्या कामांची बिलं. यांची बारा महिन्यांची प्रत्यक्ष बिलं मागवा आणि तीच लिहा. महिला व बालकल्याण, दिव्यांग आणि दुर्बल घटक यांच्यासाठी राखून ठेवायचे प्रत्येकी पाच टक्केही यातच येतात. तो निधी इतर तूट भरायला वापरू नका. न वापरलेला पैसा पुढच्या वर्षी त्याच कामासाठी दाखवावा लागतो.

वीजबिलावर मंजूर भार आणि प्रत्यक्ष वापर दिलेला असतो. दोन्हींत मोठं अंतर असेल तर पाणीपुरवठा अभियंत्याला विचारा. दोन-चार हजारांच्या कागदी कामात लाखभराची बचत निघाल्याचं मी पाहिलं आहे.

पायरी ६ : आता खरी बेरीज करा

एका काल्पनिक ब वर्ग नगरपरिषदेचं गणित मांडतो. आकडे नमुन्याचे आहेत, रीत बघा.

मोकळी जमा :
घरपट्टी २ कोटी ७५ लाख
पाणीपट्टी ९० लाख
गाळेभाडं, बाजार, परवाने, विकास शुल्क ८५ लाख
मुद्रांक शुल्काचा वाटा ४० लाख
सहायक अनुदान ५ कोटी २० लाख
एकूण १० कोटी १० लाख

बांधील खर्च :
कायम कर्मचारी ५ कोटी ९० लाख
निवृत्तांची देणी ४५ लाख
कंत्राटी माणसं १ कोटी ६० लाख
वीज आणि पाण्याचं देणं १ कोटी २० लाख
डिझेल, रसायनं, दुरुस्ती ५५ लाख
राखीव निधी ७५ लाख
जुनी देणी ५० लाख
एकूण १० कोटी ९५ लाख

म्हणजे ८५ लाखांची तूट, आणि स्वनिधीतून, म्हणजे या मोकळ्या पैशातून, एकही रस्ता धरलेला नाही. छापील पुस्तकात मात्र घरपट्टी ४ कोटी २० लाख आणि पाणीपट्टी १ कोटी ४० लाख धरली होती. या १ कोटी ९५ लाखांच्या फुगवट्याने तूट झाकली गेली आणि वर १ कोटी १० लाखांची प्रभागातली कामंही बसली. ती कामं जूनमध्ये सुरू होतील, ठेकेदार बिल मागेल आणि ऑक्टोबरात पगार अडकेल. दिवाळीतलं ते फाटक इथूनच सुरू होतं.

पायरी ७ : तूट भरायची कशी

करांचे दर वाढवण्याआधी आकारणीतून सुटलेल्या मालमत्ता शोधा. खाली दुकान काढलेलं घर अजून निवासी म्हणून लागलेलं असतं, वरचा मजला नोंदलेलाच नसतो. आपल्या प्रभागातली एक गल्ली घ्या, कर निरीक्षकासोबत आकारणी यादी हातात धरून चाला आणि दारादाराशी ताडून बघा. तासाभरात चित्र कळतं. नगरपरिषदेत दर चार वर्षांनी कर आकारणीची फेरतपासणी करायची असते. ती रखडली असेल तर का रखडली, हा प्रश्न सभेत लेखी द्या. लोकांच्या हरकती नीट ऐका. हरकत न ऐकता लादलेला कर वसूल होत नाही.

मग गाळे. बाजारपेठेतले पालिकेचे गाळे वीस-वीस वर्षांपूर्वीच्या भाड्याने असतात आणि मूळ भाडेकरूने ते दुसऱ्याला दिलेले असतात. इथे हात घालताना तुमच्यावर दबाव येईल, त्यातले काही तुमचेच मतदार असतील. तरी करा. त्यानंतर बेकायदा नळजोडण्या ठरावीक मुदतीत आकार घेऊन नियमित करा.

शास्तीमाफीच्या अभय योजनेबद्दल सावध राहा. तिने एका मार्चमध्ये वसुली वाढते, पण एप्रिलमध्येच कर भरणाऱ्याला आपण फसलो असं वाटतं, आणि पुढच्या वर्षी तोही माफीची वाट बघतो. त्यापेक्षा बिलं एप्रिल-मेमध्ये वाटा आणि लवकर भरणाऱ्याला नियमांत बसेल ती सूट द्या.

वरच्या उदाहरणात सुटलेल्या मालमत्तांतून २५ लाख, गाळ्यांतून १२, नळजोडण्यांतून १०, वीजबचत ८ आणि घंटागाड्यांच्या फेऱ्या नीट आखून डिझेलमध्ये ५ लाख धरले, तर ६० लाख होतात. जुन्या देण्यांपैकी निम्मी, म्हणजे २५ लाख, ठेकेदारांशी बोलून पुढच्या वर्षात नेली. ८५ जुळले. नव्या उत्पन्नाचे हे आकडेही जपून धरलेले हवेत, आणि यासाठी लागणाऱ्या दोन वसुली कर्मचाऱ्यांचा खर्च कंत्राटी ओळीत बसलेला हवा. प्रभागातली कामं यंदा फक्त योजनांच्या निधीतून घ्या. त्या योजनांचा स्वहिस्सा, म्हणजे पालिकेने घालायचा वाटा, कुठून देणार, ते मंजुरीआधी विचारा. स्वहिस्सा न भरल्याने अर्धवट पडलेल्या पाण्याच्या टाक्या गावोगाव उभ्या आहेत.

एवढं करूनही जुळलं नाही तर कात्री कुठे लावायची? स्वागत कमानी, सुशोभीकरण, नवी वाहनं, सत्कार आणि जाहिराती. पगार, क्लोरिन आणि हातमोजे यांना हात लावायचा नाही.

पायरी ८ : विशेष सभेत

उपसूचना (मांडलेल्या अंदाजपत्रकात सुचवलेला बदल) लेखी न्या, सूचक-अनुमोदकासह. खर्च वाढवायची मागणी करताना तेवढीच रक्कम कोणत्या लेखाशीर्षातून कमी करायची, हे त्याच कागदावर लिहा. तसं नसेल तर तुमची मागणी "वसुली वाढवून भागवू" या एका वाक्यात गिळली जाते आणि फुगवटा आणखी वाढतो. प्रभागातल्या लोकांनाही आधीच खरं सांगा. "यंदा गल्लीत पेव्हर होणार नाही, पण घंटागाडी रोज येईल" हे ऐकून लोक रागावतात, पण ऐकतात. मी अशा दोन सदस्यांना पुन्हा निवडून आलेलं पाहिलं आहे.

मंजुरीनंतर

दर तीन महिन्यांनी जमाखर्चाचा तक्ता मागा. सप्टेंबरअखेर घरपट्टीची वसुली मागच्या वर्षीच्या त्याच तारखेपेक्षा मागे असेल तर स्वनिधीतलं नवं काम थांबवायला सांगा. ठेक्याच्या लेखाशीर्षावर मार्चपर्यंत पुरेल एवढी तरतूद आहे का, हे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बघा. कमी असेल तर पुनर्विनियोजनाचा (एका लेखाशीर्षातली रक्कम दुसऱ्याकडे वळवण्याचा) ठराव त्याच महिन्याच्या सभेत आणा. आणि एप्रिलमध्ये कर विभागात जाऊन एवढंच विचारा, "बिलं छापून कधी येणार, आणि वाटणार कोण?"